राउटरची गोधडी

इंग्लंडमधल्या घरांत जिन्याखाली एक कपाट असतं. त्यात व्हॅक्यूम क्लीनर, छत्र्या, ख्रिसमसचं झाड आणि भारतवारीच्या रिकाम्या बॅगा असतात. शिवाय हमखास असतात दोन-तीन जुने राउटर. ब्रॉडबँडची कंपनी बदलली की नवा डबा पोस्टाने घरी येतो आणि जुना त्या कपाटात जातो. आईच्या स्वयंपाकघरात श्रीखंडाचे रिकामे डबे साठतात, तसे इथे आपल्याकडे राउटर साठतात. टाकवत नाहीत, कारण ‘चालू आहे की अजून!’

चालू आहे हे खरंच. पण आतला कोड किती वर्षांचा आहे, त्याला शेवटचा कोणाचा हात लागला होता, हे आपण कधी विचारत नाही. आज लिहायचंय ते या कोडबद्दल, आणि कंपनीने तो वाऱ्यावर सोडल्यावरही वर्षानुवर्षं झाडून-पुसून ठेवणाऱ्या माणसांबद्दल. मी या कामाच्या अगदी कडेला उभा आहे. बर्कशायरमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी पोटापाण्यासाठी, आणि शनिवार-रविवारी जुन्या राउटरवर नवा कोड चालवून बघायचा नाद. म्हणजे बांधकाम माझं नाही, मी फक्त भिंतीला ओल येते का ते बघणारा.

डब्याच्या आत काय असतं?

राउटर म्हणजे एक लहानसा कम्प्युटर. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही, पण प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि बहुतेक वेळा आत लिनक्स आहे. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. कर्नेलला वायफायची चिप, केबल लावायची पोर्टं, फोनच्या तारेतून इंटरनेट आणणारा मॉडेम या सगळ्यांशी बोलायचं असतं, आणि प्रत्येक चिपची बोली वेगळी. मधला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर.

आता गंमत अशी की, हा दुभाष्या चिप बनवणारी कंपनी घाईघाईत तयार करते. राउटर बाजारात आणायची तारीख ठरलेली असते. त्या दिवशी जे कर्नेल हाताशी असेल त्याला जुळेल असा कोड लिहितात, चालला की डबे पॅक. पुढच्या वर्षी नवी चिप, नवा कोड. जुना दुभाष्या जुन्याच कर्नेलला चिकटून राहतो. कर्नेल बदलायचं तर ड्रायव्हर बदलायला हवा, आणि ड्रायव्हर बदलायला कंपनीत आता कोणी बसलेलं नसतं. म्हणून आतलं सगळंच जुनं राहतं, आणि कर्नेलमध्ये पुढे सापडलेल्या त्रुटींची दुरुस्ती त्या डब्यापर्यंत पोहोचतच नाही.

निळ्या-काळ्या डब्यापासून सुरुवात

डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राउटर बाजारात आला. निळा-काळा, मागे दोन अँटेना. अनेकांच्या घरातला तो पहिला वायफाय राउटर. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की याच्या आत लिनक्स आहे. लिनक्सच्या परवान्याची अट साधी आहे: वापरा, बदला, विका, पण ज्याला दिलं त्याला कोडही द्या. बरीच चर्चा झाली आणि कंपनीने तो कोड खुला केला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं ‘डब्ल्यूआरटी’ त्या डब्याचंच.

पण एक मेख होती. वायफायच्या ब्रॉडकॉम चिपचा ड्रायव्हर कोड म्हणून मिळालाच नाही, तयार बांधलेली फाइल तेवढी मिळाली, आणि ती लिनक्सच्या २.४ या जुन्या कर्नेललाच चालायची. जग २.६ वर गेलं, हे डबे २.४ मध्ये अडकले. शेवटी काही लोकांनी चिप कशी वागते याचं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्या लोकांनी त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. तो २००६ मध्ये मूळ लिनक्समध्ये दाखल झाला. एका बंद फाइलमुळे एवढा व्याप. तेव्हापासून या मंडळींनी एक धडा गाठीला बांधला: ड्रायव्हर खुला नसेल तर डब्याचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर.

एकाच डब्याची दोन नशिबं

यूकेमधल्या वाचकांना ओळखीचं उदाहरण देतो. २०१३ मध्ये बीटीने होम हब ५ आणला. काळा, पुस्तकासारखा उभा राहणारा. लाखो घरांत तो होता, कदाचित तुमच्याही कपाटात असेल. मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरात ‘टाइप ए’ किंवा ‘टाइप बी’ असं लिहिलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. टाइप ए च्या आत लँटिक कंपनीची चिप, टाइप बी च्या आत ब्रॉडकॉमची.

आमच्या मंडळातले एक काका, वय पंचाहत्तरच्या पुढे, मागच्या हिवाळ्यात पिशवीतून हे दोन्ही डबे घेऊन आले. एक त्यांचा, एक त्यांच्या लेकीच्या जुन्या घरातला.

“अरे, वरच्या खोलीत वायफाय पोहोचत नाही. नवीन यंत्र घ्या म्हणतात. हे दोन पडलेत त्याचं काही होतं का बघ.”

मी डबे उलटे केले. “काका, या एकाचं होईल. दुसऱ्याचं नाही व्हायचं.”

“का? दोन्ही एकाच कंपनीचे. दिसायलाही जुळे.”

“दिसायला जुळे. पण याच्या ड्रायव्हरचा कोड खुला आहे, त्याचा नाही.”

काकांनी आयुष्यभर लेथ मशीनवर काम केलेलं. ते लगेच म्हणाले, “म्हणजे एकाचं ड्रॉइंग मिळतं, दुसऱ्याचं मिळत नाही.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

टाइप ए मध्ये १२८ एमबी मेमरी आणि तेवढीच साठवण आहे. आजच्या मानाने किरकोळ, पण ओपनडब्ल्यूआरटीला पुरेशी. त्यावर नवं फर्मवेअर चढवायला पहिल्यांदा डबा उघडून आतल्या बोर्डावर बारीक तारा सोल्डर कराव्या लागतात. एकदा ते झालं की पुढचे अपडेट ब्राउझरमधून होतात. प्लसनेट हब वन आणि बीटी बिझनेस हब ५ए हे डबेही आतून हेच. त्यामुळे इथल्या हौशी लोकांत हा डबा फार लोकप्रिय झाला. जुन्या बाजारात काही पौंडांत मिळायचा.

आता त्या लँटिक कंपनीची कुंडली बघा. मुळात ती जर्मनीच्या इन्फिनियनचा एक विभाग. २००९ मध्ये वेगळी झाली आणि लँटिक हे नाव मिळालं. २०१५ मध्ये इंटेलने विकत घेतली. २०२० मध्ये इंटेलने तो व्यवसाय मॅक्सलिनियरला विकला. दहा-अकरा वर्षांत एवढे मालक! प्रत्येक वेळी माणसं पांगतात, जुने कागद कुठल्या कपाटात गेले ते कोणाला आठवत नाही. त्या चिपचा कोड मात्र आजही चालतो, कारण तो सांभाळणारे लोक कंपनीच्या बाहेर होते.

ठिगळांची तीन कपाटं

सांभाळणं म्हणजे नेमकं काय, हे कळलं तरच या कामाची किंमत कळेल.

ओपनडब्ल्यूआरटी मूळ लिनक्स कर्नेल घेतं आणि त्यावर आपले बदल चढवतं. एका बदलाला म्हणतात पॅच, म्हणजे ठिगळ. शेकडो ठिगळं असतात, प्रत्येकाला क्रमांक, आणि ती ठरलेल्या क्रमानेच लावायची. ही चळत सांभाळायला जे साधन वापरतात त्याचं नावच ‘क्विल्ट’. आपल्या भाषेत गोधडी! आजीने जुन्या लुगड्यांचे तुकडे एकावर एक टाचून शिवलेली गोधडी ज्याने पांघरली आहे, त्याला हे चित्र समजावून सांगायला नको.

फरक इतकाच की गोधडीला ठिगळं वाढली तर ऊब वाढते. इथे ठिगळं वाढली तर ओझं वाढतं. कर्नेलची नवी आवृत्ती आली की खालचं कापड सरकतं. मग प्रत्येक ठिगळ उसवून बघायचं: अजून नीट बसतंय का? याची गरज राहिली आहे का? २१.०२ या आवृत्तीत कर्नेल ५.४ होतं, २२.०३ मध्ये ५.१०, २३.०५ मध्ये ५.१५ आणि २४.१० मध्ये ६.६. दर वेळी सगळी गोधडी पुन्हा तपासायची.

म्हणून या मंडळींनी ठिगळं तीन कप्प्यांत लावून ठेवली आहेत. पहिला कप्पा ‘बॅकपोर्ट’: मूळ लिनक्सच्या नव्या आवृत्तीत आधीच स्वीकारलेले बदल, जे आपल्या जुन्या आवृत्तीसाठी मागे आणलेत. कर्नेल पुढे गेलं की ही ठिगळं आपोआप गळून पडतात. दुसरा ‘पेंडिंग’: चांगली आहेत, मूळ लिनक्सला पाठवायची आहेत किंवा पाठवली आहेत, अजून स्वीकारलेली नाहीत. तिसऱ्या कप्प्याचं नाव प्रामाणिकपणे ‘हॅक’ असंच ठेवलंय: जुगाड. आपलं काम भागतं, पण लिनक्सच्या दारात कोणी उभं करणार नाही.

साफसफाई म्हणजे जुगाड कमी करत जाणं. तिसऱ्या कप्प्यातलं उचलायचं, नीट लिहायचं, दुसऱ्यात आणायचं. मूळ लिनक्सच्या लोकांकडे पाठवायचं, त्यांची बोलणी खायची, पुन्हा लिहायचं. तिकडे स्वीकारलं गेलं की एक दिवस आपल्याकडून ते ठिगळ पुसून टाकायचं. हे काम उत्तम झालं की ओपनडब्ल्यूआरटीमधला कोड वाढत नाही, घटतो.

सातबारा आणि स्विच

दोन उदाहरणं देतो.

पूर्वी अथेरॉसच्या जुन्या चिप असलेल्या राउटरसाठी प्रत्येक मॉडेलची स्वतंत्र सी भाषेतली फाइल असायची. कुठला दिवा कुठल्या पायाला जोडलाय, बटण कुठे, साठवणीचे भाग किती, हे सगळं प्रोग्राममध्येच लिहिलेलं. मॉडेलं वाढत गेली तशा फायली वाढत गेल्या. मग पद्धत बदलली. प्रत्येक डब्याचं वर्णन वेगळ्या साध्या फाइलमध्ये लिहायचं, तिला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. मी याला सातबारा म्हणतो. जमीन कोणती, क्षेत्र किती, विहीर कुठे, एवढं उताऱ्यावर लिहिलेलं असलं की तलाठी बदलला तरी काम अडत नाही. ड्रायव्हर एकच, तो उतारा वाचतो आणि कामाला लागतो. हे स्थलांतर काही वर्षं चाललं. १९.०७ या आवृत्तीत जुनी आणि नवी पद्धत शेजारी-शेजारी होत्या, २१.०२ मध्ये जुनी काढून टाकली.

दुसरं उदाहरण होम हब ५ए चं. राउटरच्या मागे केबलची चार-पाच पोर्टं असतात. आत त्यांचा एक स्विच असतो. तो चालवायला ओपनडब्ल्यूआरटीने पूर्वी स्वतःची वेगळी पद्धत बनवली होती, स्विचकॉन्फिग नावाची. काम चांगलं चालायचं, पण मूळ लिनक्सने ती कधी स्वीकारली नाही. त्यांची स्वतःची पद्धत होती, डीएसए. म्हणजे घरात दोन चुली. २०१८ च्या अखेरीस लँटिकच्या स्विचसाठी डीएसए पद्धतीचा ड्रायव्हर मूळ लिनक्सच्या ४.२० या आवृत्तीत आला. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये हा डबा त्या पद्धतीवर आला सप्टेंबर २०२२ मध्ये, २२.०३ या आवृत्तीत. मधली पावणेचार वर्षं लोक काय करत होते? हेच सगळं: तपासणं, मोडणं, पुन्हा जोडणं. वापरणाऱ्यांनाही थोडा त्रास झाला. जुन्या सेटिंग्ज नव्या पद्धतीत आपोआप जात नव्हत्या, सगळं पुन्हा भरावं लागलं. ‘चालत होतं ते कशाला बदललं?’ असं विचारणारे तेव्हा होतेच.

त्याचं उत्तर २०२५ मध्ये मिळालं. त्या वर्षी या स्विच ड्रायव्हरची मोठी झाडाझडती झाली. चिपपरत्वे बदलणाऱ्या गोष्टी एका बाजूला, सगळ्यांना सामाईक असलेला भाग दुसऱ्या बाजूला, अशी मांडामांड झाली. आणि मग मॅक्सलिनियरच्या नव्या स्विच चिपांसाठी तोच ड्रायव्हर वापरता आला. जुन्या डब्यासाठी केलेली स्वच्छता नव्या डब्यांच्या उपयोगी पडली. घर आवरून ठेवलं की पाहुणे आले तरी धावपळ होत नाही, त्यातलाच प्रकार.

आईच्या कॉलचं काय?

एवढं सगळं वाचून कराडहून आमची आई विचारेल, ‘बरं, पण त्याने मला काय फरक पडतो?’ तर पडतो.

रविवारी सकाळी तुम्ही भारतात व्हिडिओ कॉल लावता. त्याच वेळी वरच्या खोलीत मुलगा काहीतरी अपलोड करत असतो. आईचा चेहरा थिजतो, आवाज तुटतो. इंटरनेटचा वेग तर चांगला आहे, मग हे का? कारण राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते. मुलाच्या फाइलची हजार पाकिटं पुढे आणि तुमच्या आवाजाचं एक छोटं पाकीट त्यांच्या मागे. पोस्टात एक तिकीट घ्यायचंय आणि पुढचा माणूस अख्ख्या ऑफिसची रजिस्टर्ड पत्रं घेऊन उभा आहे, तसं. याला बफरब्लोट म्हणतात. त्यावर २०१० नंतरच्या दशकात बरंच काम झालं: रांगा वेगळ्या करणं, लहान पाकिटाला पुढे सोडणं, रांग फार वाढू न देणं. ओपनडब्ल्यूआरटी ही पद्धत आधी उचलणाऱ्यांपैकी होतं. डेव्ह टाट हे या कामातलं मोठं नाव, ते एप्रिल २०२५ मध्ये गेले.

यात ड्रायव्हरचा संबंध असा की रांगेचा एक भाग ड्रायव्हरच्या पोटात असतो. तिथे किती पाकिटं अडकली आहेत हे ड्रायव्हरने वर सांगितलं पाहिजे, नाहीतर वरची सगळी हुशारी फुकट. त्यासाठी लागणारा कोड बहुतेक ड्रायव्हरमध्ये मोजक्या ओळींचा असतो. पण त्या ओळी घालणारा कोणीतरी लागतो, आणि खुल्या ड्रायव्हरमध्येच त्या बाहेरच्या माणसाला घालता येतात.

सुरक्षिततेचंही तेच. मे २०२१ मध्ये वायफायमधल्या त्रुटींचा एक संच जाहीर झाला, फ्रॅगअटॅक्स नावाने. बारा नोंदी होत्या, आणि त्यातल्या काही त्रुटी थेट १९९७ पासून वायफायच्या आराखड्यातच होत्या. मूळ लिनक्समध्ये अनेक वायफाय ड्रायव्हरांचा सामाईक पाया एकच आहे. तिथे दुरुस्ती झाली, आणि त्यावर बसलेल्या ड्रायव्हरांना तिचा फायदा मिळाला. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ती त्याच वर्षी पोहोचली. ज्यांनी स्वतःची वेगळी चूल मांडली होती, त्यांच्या ग्राहकांना कंपनीच्या अपडेटची वाट बघत बसावं लागलं.

कायदा तारीख सांगायला लावतो, वाढवायला नाही

यूकेला याचा झटका आधी बसलेला होता. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस मिराय नावाच्या व्हायरसच्या एका प्रकाराने युरोपभर राउटर बंद पाडले. जर्मनीत सुमारे ९ लाख ग्राहकांना फटका बसला, इथे पोस्ट ऑफिसच्या ब्रॉडबँडचे सुमारे १ लाख ग्राहक अडकले. पुढे मे २०२१ मध्ये ‘विच?’ या ग्राहक संस्थेने कंपन्यांनी दिलेले १३ जुने राउटर तपासले. दोन-तृतीयांशांहून जास्त राउटरमध्ये त्रुटी निघाल्या. सुमारे ६० लाख लोकांकडचा राउटर २०१८ नंतर अपडेट झालेला नसावा, असा त्यांचा अंदाज होता.

त्यानंतर नवा कायदा आला. २०२२ चा पीएसटीआय कायदा, त्याचे नियम २९ एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. इंटरनेटला जोडली जाणारी वस्तू विकायची असेल तर तीन गोष्टी हव्यात. सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड चालणार नाही. त्रुटी सापडली तर कळवायचं कोणाला, ते जाहीर हवं. आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते ग्राहकाला सांगायला हवं. न पाळल्यास १ कोटी पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्के, यातली मोठी रक्कम, इथपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा चांगला आहे. पण तो कंपनीला तारीख सांगायला लावतो. तारीख किती लांबची असावी हे सांगत नाही, आणि ती उलटल्यावर डब्याचं काय करायचं तेही सांगत नाही. त्या तारखेनंतरचं आयुष्य खुल्या कोडच्या हातात.

मांडव काढायला कोण?

इथे खरी काळजी सुरू होते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे. इतकी वर्षं एखादी संस्था कशी टिकते, हे ज्यांनी कोणत्याही मंडळात काम केलंय त्यांना ठाऊक असतं. आरतीला हॉल भरलेला असतो. दुसऱ्या दिवशी खुर्च्या रचायला, निर्माल्य उचलायला, हॉलची चावी परत करायला तेच चार-पाच चेहरे.

ड्रायव्हरचं तसंच आहे. नवा राउटर चालू करून दाखवला की कौतुक होतं. सहा वर्षांनी त्याच राउटरचं ठिगळ नव्या कर्नेलवर बसवणाऱ्याला कोण ओळखतं? लिनक्समध्ये एक यादी असते, कुठला भाग कोण सांभाळतो याची. प्रत्येक भागासमोर त्याची अवस्था लिहिलेली. काहींसमोर ‘सपोर्टेड’, काहींसमोर ‘मेंटेन्ड’, काहींसमोर ‘ऑड फिक्सेस’, म्हणजे जमेल तेव्हा. आणि काहींसमोर एकच शब्द असतो: ‘ऑर्फन’. अनाथ. अनाथ ड्रायव्हर काही काळ तसाच चालतो, मग वाटेत येऊ लागतो, मग एक दिवस काढून टाकतात.

सगळं वाचवता येत नाही, हेही खरं. ४ एमबी साठवण आणि ३२ एमबी मेमरीच्या जुन्या राउटरना १९.०७ नंतर ओपनडब्ल्यूआरटीने निरोप दिला. नवं कर्नेल त्यात मावेचना. होम हब ५ए मध्येसुद्धा फोनच्या तारेवरच्या मॉडेमच्या आतलं फर्मवेअर आजही बंदच आहे, ते आहे तसं वापरावं लागतं.

सांभाळणारा एकटा पडला की काय होतं, ते मार्च २०२४ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करणारं साधं साधन, जगभरच्या लिनक्समध्ये वापरलं जाणारं. ते सांभाळणारा एकटा माणूस, बिनपगारी, थकलेला. मदत करतो म्हणून कोणीतरी आला, दोनेक वर्षं गोड बोलून विश्वास मिळवला आणि शेवटी आत चोरवाट ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून ती वेळेत सापडली. त्या माणसाच्या जोडीला आधीच दोन भरवशाचे लोक असते तर?

चांगली बातमीही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ नावाचा राउटर आला. या प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या संस्थेसोबत स्वतःच आखलेला. पहिल्या दिवसापासून कोड खुला, उघडून दुरुस्त करता येईल असा, आणि प्रत्येक विक्रीमागे काही रक्कम प्रकल्पाच्या निधीला.

तुमच्या कपाटातल्या डब्याचं काय करायचं?

इतकं वाचलंत तर आता पाच मिनिटं काढाच.

आत्ता वापरात असलेल्या राउटरचं मॉडेल पाठच्या स्टिकरवर बघा आणि कंपनीच्या साइटवर त्याला अपडेट कधीपर्यंत आहेत ते शोधा. सापडलं नाही तर फोन करून विचारा. नवा राउटर विकत घेताना वेग आणि अँटेना बघतो तशी ही तारीखही बघा.

आई-बाबांच्या घरी पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला गेलात की त्यांचा राउटर उघडून बघा. ॲडमिनचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’च असेल तर बदला आणि वहीत लिहून ठेवा. यूकेचा कायदा तिथे लागू नाही, मुलाचं किंवा सुनेचं लक्ष लागू आहे.

जुना डबा टाकण्याआधी तो कंपनीला परत द्यायचा आहे का ते बघा. हल्ली अनेक कंपन्या परत मागतात. तुमचाच असेल तर ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर त्याचं मॉडेल शोधा. यूकेत जुन्या तांब्याच्या तारांवरची टेलिफोन सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद व्हायची आहे आणि घराघरात फायबर येतोय, त्यामुळे असे खूप डबे येत्या काळात बाहेर पडणार. होम हब ५ए फायबरचा पूर्ण वेग पेलणार नाही, पण दुसऱ्या खोलीतला वायफाय म्हणून मजेत चालतो. काकांच्या वरच्या खोलीत चालतोय. सोल्डरिंग येत नसेल तर जवळच्या रिपेअर कॅफेत विचारा. लंडनच्या रीस्टार्ट प्रोजेक्टसारख्या संस्थांमुळे इथे हे वातावरण तयार झालं आहे. टाइप बी निघाला तर कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात नको.

आणि घरात कॉलेजात जाणारं, कम्प्युटर शिकणारं कोणी असेल तर त्यांना एवढं सांगा. नवं ॲप बनवणारे पुष्कळ आहेत. एखादा जुना ड्रायव्हर घेऊन त्यातल्या चाळीस ओळी कमी करून दाखवा. सुरुवातीला फक्त चालवून बघा आणि निरोप द्या: ‘या डब्यावर चालवून पाहिलं, ठीक आहे.’ कोडच्या इतिहासात त्यासाठीही एक ओळ राखून ठेवलेली असते, ‘टेस्टेड बाय’, आणि पुढे नाव.

माझ्या टेबलावर सध्या तीन होम हब आहेत. या आठवड्यात नवं कर्नेल चढवलंय. रविवारी कराडला कॉल लावीन, तासभर बोलू, आणि आवाज तुटला नाही तर सोमवारी तेवढी एक ओळ लिहून पाठवीन.